ट्रॅक्टरचे खूर

राणीसावरगावहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत एक फाटा लागतो. फाट्यावर बाभळीच्या झाडाला ट्रॅक्टरचं जुनं टायर टांगलेलं आहे आणि त्यावर चुन्याने 'पंचर' असं लिहिलेलं आहे. ते नागनाथचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, हवा भरायचा कॉम्प्रेसर, पाण्याचं एक घमेलं आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं.

नागनाथ पहिल्यापासून पंचरवाला नव्हता. चाळीस वर्षं तो बैलांना नाल मारत होता. बैल डांबरी रस्त्यावर गाडी ओढतो तेव्हा त्याचे खूर झिजतात, म्हणून आपण चप्पल घालतो तशी त्याच्या पायाला लोखंडी नाल ठोकावी लागते. घोड्याला चार नाला लागतात. बैलाला किती? चार म्हणालात तर चुकलात. बैलाचा खूर मधोमध फाटलेला असतो, त्यामुळे एका पायाला दोन, म्हणजे चार पायांना आठ. नागनाथ दुकानावर येणाऱ्या प्रत्येक पोराला हा प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक पोर चार म्हणायचं.

नाल मारायला बैलाला दोरीने आडवा पाडावा लागतो. मोठं जनावर घाबरतं, पाय झाडतं. अशा वेळी नागनाथची बायको लक्ष्मीबाई बैलाच्या डोक्याशी बसायची. एक हात त्याच्या डोळ्यावर ठेवायची आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत राहायची. काय बोलायची ते चार हातांवर हातोडी चालवणाऱ्या नागनाथलाही कधी ऐकू आलं नाही. पण बैल गप्प पडून राहायचा. पंचक्रोशीत म्हणायचे, नाल नागनाथ मारतो पण बैल लक्ष्मीबाईचं ऐकतो.

पुढे बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. नागनाथने हातोडी खुंटीला लावली आणि कॉम्प्रेसर आणला. कोणी विचारलं तर म्हणायचा, काम तेच आहे, पायाचं. आधी खूर होते, आता टायर आहेत.

गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई गेली. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ती नव्हती. त्यानंतर नागनाथ दुकानावर यायचा, पंचर काढायचा, घरी जायचा. बोलायचा फक्त कामापुरतं.

त्याला पुन्हा बोलतं केलं ते सुकेशनीने. सुकेशनी ही त्याच्या मुलीची, धम्मशीलाची मुलगी. दुसरीत आहे. धम्मशीलाला गावातच दिलेलं, त्यामुळे नात शाळा सुटली की थेट फाट्यावर यायची. आबा काही बोलत नाहीत हे बघून तिने एक खेळ काढला. रस्त्यावरून जे यंत्र जाईल ते कोणत्या जनावरासारखं आहे ते सांगायचं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, एसटी म्हणजे हत्ती. नागनाथने नाही म्हणून मान हलवली.

"का गं?"

"मोठी हाय म्हनून."

"मोठं तर आपलं पिंपळाचं झाडबी हाय. दिसन्यावरून न्हाई सांगायचं. वागन्यावरून सांग."

आता आली का पंचाईत. सुकेशनी दोन दिवस एसटीकडे नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी फाट्यावर एसटी थांबली, ड्रायव्हर बाटली घेऊन उतरला आणि त्याने इंजिनात पाणी ओतलं. मागे एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, पण एसटी रस्त्याच्या मधून हलली नाही. सुकेशनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, म्हैस. नागनाथने पाना खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी तो हसला.

मग रोज खेळ सुरू झाला. मोटारसायकल म्हणजे बकरी, कारण ती बांधावर, पाटात, दगडधोंड्यांत, कुठेही चढते. पाण्याचा टँकर म्हणजे उंट, कारण तो स्वतःला लागत नाही एवढं पाणी पोटात घेऊन कोरड्या गावांना जातो. जेसीबीला सुकेशनीने डुक्कर ठरवलं. वाकतो, तोंड खुपसतो, उकरतो आणि मागचं रान तसंच टाकून पुढे जातो. नागनाथ म्हणाला, एक फरक हाय, डुकराला डिझेल लागत न्हाई. ऊसतोडीचं मोठं मशीन मात्र हत्ती ठरलं. ते तोंड पुढे करून उसात शिरतं, ऊस खातं आणि सोंडेतून बाजूच्या ट्रॉलीत टाकतं. सुकेशनीला हत्तीची थोडी कीव आली. एवढं खातो आणि पोटात काहीच ठेवत नाही.

ट्रॅक्टरवर मात्र दोघांचं जमलं नाही. नागनाथ म्हणायचा, ट्रॅक्टर म्हणजे बैल, त्यात विचार कसला करायचा? नांगर तो ओढतो, गाडी तो ओढतो, दिवसभर राबून गोठ्यात जाऊन उभा राहतो. सुकेशनी म्हणायची, मी अजून ठरवलं नाही. कारण ट्रॅक्टर तिच्या आईचा होता, आणि आईच्या ट्रॅक्टरला काय म्हणायचं हे तिला घाईने ठरवायचं नव्हतं.

आईचा ट्रॅक्टर म्हणजे खराखुरा आईचा. सुकेशनीचे वडील सिद्धोधन आधी तो चालवायचे. त्यांना एसटीत कंडक्टरची नोकरी लागली, जिंतूरच्या डेपोत. घरी यायचे ते सुट्टीच्या दिवशी. ट्रॅक्टर दोन महिने अंगणात उभा होता, धुराड्यात पाणी जाऊ नये म्हणून वर डालड्याचा डबा पालथा घातलेला. एक दिवस धम्मशीलाने तो डबा काढला. नवऱ्याने तीन सुट्ट्यांमध्ये तिला शिकवलं. गावाने आधी बघितलं, मग हसून घेतलं, मग ती रोज चालवायला लागली तेव्हा हसायचं सोडलं. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. यंदाच्या हंगामात ती शेतातला ऊस ट्रॉलीत भरून कारखान्याला नेत होती.

फाट्यावरून जाताना ती एकदाच हॉर्न वाजवायची. नागनाथ मान वर करायचा नाही. पण त्याच्या हातातलं काम थांबायचं आणि आवाज लांब जाईपर्यंत थांबलेलंच असायचं. गिऱ्हाइकांना हे माहीत झालं होतं. कोणी घाई करायचं नाही.

जानेवारीतला रविवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला धम्मशीलाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, बाबा, जॅक घेऊन किशनरावांच्या रानात या. तिने आजवर कामासाठी बापाला कधी बोलावलं नव्हतं. नागनाथने खांद्यावर जॅक घेतला, सुकेशनीने टायरची हवा मोजायचं मीटर घेतलं, आणि दोघं पायवाटेने निघाले. रान फाट्यापासून जवळच होतं.

किशनरावांचा सहा एकर ऊस ओढ्याच्या कडेला होता. एक एकर तोडून झाला होता. तोडलेल्या रानात धम्मशीलाचा ट्रॅक्टर उभा होता, मागे उसाने शीगोशीग भरलेली ट्रॉली. ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं अर्धी जमिनीत गेली होती. बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता, उठायचं मनात नसलेला. ऊसतोडीचे मजूर उसाच्या सावलीत भाकरी खात बघत होते. गावातलाच दुसरा ट्रॅक्टरवाला बालाजी बांधावर त्याचा नवा, थोराड ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि लोखंडी साखळी हातात घेऊन बसला होता. किशनराव हात मागे बांधून उभे होते.

किशनराव म्हणाले, "नागनाथ, मी हिला आधीच म्हनलो होतो. ट्रॅक्टर म्हंजे शिलाई मशीन न्हाई."

 धम्मशीलाचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. तिने बापाला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. तीनदा जोर लावला, तीनदा चाक जागेवर फिरलं आणि आणखी खाली गेलं. ट्रॉली सोडून आधी ट्रॅक्टर काढावा म्हटलं तर जोडाची पिन ताणामुळे निघत नाही. आणि किशनरावांनी बालाजीला बोलावून घेतलं आहे. बालाजीने साखळी लावून ओढलं तर ट्रॉली निघेल, पण राहिलेला पाच एकर ऊस बालाजी नेणार. किशनराव तसं सगळ्यांसमोर बोलले आहेत. एकदा असं झालं की दुसरं कोणी आपल्याला बोलवायचं नाही.

"दुपारपर्यंत थांबतो म्हनलेत," ती म्हणाली. "बारा वाजले की साखळी."

नागनाथने आधी जॅक लावून बघितला. जॅक दह्यात चमचा जावा तसा खाली गेला. वर काहीच आलं नाही. मजुरांत कोणीतरी हसलं.

मग नागनाथ खाली बसला आणि त्याने मूठभर माती घेऊन दाबली. बोटांमधून पाणी निघालं. आता ऊस तोडायच्या आधी पंधरा दिवस तरी पाणी तोडतात, म्हणजे रान वाळतं आणि गाडी आत जाऊ शकते. पण काही जण काय करतात, तोडणी आली की दोन दिवस आधी भरपूर पाणी सोडतात. ऊस पाणी पितो आणि काट्यावर वजनाला जास्त भरतो. नागनाथने पाटाकडे बघितलं. पाटाचं दारं, म्हणजे रानात पाणी सोडायचं तोंड, ओलं होतं.

"किशनराव, पाणी कधी दिलंत रानाला?"

"महिना झाला की."

"आबा," सुकेशनी पाटातून म्हणाली, "हितं बेडूक हाय."

सगळे पाटाकडे बघायला लागले. जानेवारीत, महिनाभर कोरड्या असलेल्या पाटात, खरोखर एक बेडूक बसला होता आणि सगळ्यांकडे बघत होता. मजुरांनी भाकरीवर मान घातली. किशनरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.  चूक कोणाची ते सगळ्यांना कळलं होतं, पण तेवढ्याने ट्रॅक्टर वर येणार नव्हता.

नागनाथ चाकाभोवती फिरला. दोनदा फिरला. त्याला काही सुचत नव्हतं. बैल चिखलात बसला असता तर त्याला ठाऊक होतं काय करायचं ते, आणि बाजूला लक्ष्मीबाई असती. लोखंडाच्या जनावराला कोणाच्या भरवशावर उठवायचं?

सुकेशनी चाकाशी उभी राहून बघत होती. तिने टायरवर हात फिरवला.

"आबा, ठरलं माझं. हा बैल न्हाई. हा घोडा हाय."

"का?"

"याचा पाय फाटलेला कुठं हाय? एकच हाय, गोल."

बालाजी बांधावरून मोठ्याने हसला. म्हणाला, पोरीला शाळेत काय शिकवायलेत कोणास ठाऊक. पण नागनाथ हसला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि त्याला पन्नास वर्षांपूर्वीचा गंगाखेडचा गोदावरीचा काठ दिसला.

तेव्हा तो पोरगा होता आणि ज्या उस्तादाकडे नालबंदी शिकत होता, ते त्याला नदीवर घेऊन गेले होते. काठच्या गाळात एका टांग्याचा घोडा रुतला होता. जितका जोर करी तितका आत जाई. आणि त्याच्या शेजारून, त्याच गाळातून, एक बैलजोडी रिकामी गाडी घेऊन डुलत डुलत निघून गेली. उस्ताद म्हणाले होते, बघ. घोड्याचा पाय म्हणजे पालथी वाटी. गाळात दाबली की चिकटून बसते. बैलाचा पाय फाटलेला. खाली टेकला की पसरतो, म्हणून खोल जात नाही. उचलला की मिटतो, म्हणून गाळ त्याला सोडून देतो. म्हणूनच बैलाच्या एका पायाला दोन वेगवेगळ्या नाला मारायच्या. कधी आळस करून एकच पत्रा दोन्ही खुरांवर ठोकलास तर तू बैलाचा घोडा केलास. तसा बैल चिखलात मरेल.

चाळीस वर्षं नागनाथने खुरांमधली ती फट मोकळी ठेवली होती. एकदाही विसरला नव्हता.

त्याने सुकेशनीच्या हातातलं मीटर घेतलं आणि चाकाला लावलं. हवा गच्च होती. ऊस वाहणारे सगळेच टायर दगडासारखं टणक ठेवतात, कारण ओझं जास्त असतं. टणक टायर, गोल टायर, पालथी वाटी.

"धम्मशीला," तो म्हणाला, "पाय पसरू द्यायचा."

दुसऱ्या कोणाला हे कळलं नसतं. पण ती नालबंदाची मुलगी होती. तिने एकदा टायरकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि म्हणाली, "किती सोडायची?"

नागनाथने व्हॉल्व्हची टोपी काढली आणि खिळ्याने दाबलं. फुस्स करून हवा निघायला लागली.

आता बालाजीला हसू आवरेना. तो उतरून जवळच आला. "मामा, पंचर काडनारा मानूस सोता हवा सोडायलाय. दुकान चालंना झालं का?"

"चार बोटं," नागनाथ मुलीला म्हणाला. त्याने बालाजीकडे लक्ष दिलं नाही. "टायरचा गाल चार बोटं बाहेर आला की बास. त्याच्यापुढं गेलं तर टायर रिंगेवरून निसटंल, आन मग खरंच साखळी लागंल."

मीटर त्याने सुकेशनीला परत दिलं. चार बोटं मीटरवर लिहिलेली नसतात. मागच्या दोन चाकांची हवा त्याने हात लावून लावून सोडली, मग ट्रॉलीच्या चाकांची, थोडी कमी. तोवर धम्मशीलाने मजुरांना विनंती करून उसाचं वाळलेलं पाचट चाकांपुढे जाड अंथरून घेतलं आणि स्वतः खोऱ्याने चाकापुढची माती उतरती केली. मजूर उठले ते तिने मागितलं म्हणून. नागनाथला हे दिसलं. तिचं बोलणं हुकमाचं नव्हतं आणि गयावया पण नव्हती. थेट लक्ष्मीबाईची तऱ्हा.

साडेअकरा झाले होते. धम्मशीला चढून बसली. नागनाथ म्हणाला, पहिला गिअर, आणि रेस लावायची नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे. त्याला वाटलं, खरंच, हिला माहीत असेल, आपण कशाला सांगायलोत. तो चार पावलं मागे झाला.

ट्रॅक्टरने हळूच ओढ घेतली. चपटं झालेलं चाक पाचटावर रुंद पसरलं आणि हातभर पुढे आलं. मग पुन्हा बसलं. बालाजीच्या हातातली साखळी वाजली. किशनरावांनी सूर्याकडे बघितलं.

दुसरं कोणी असतं तर त्याने इथे पाय दाबला असता. ती तेच आधी तीनदा करून बसली होती. या वेळी तिने तसं केलं नाही. तिने ट्रॅक्टरला वीतभर मागे येऊ दिलं, थांबवलं, श्वास घ्यायला दिल्यासारखं थोडा वेळ तसंच गुरगुरत ठेवलं. तिचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसरा तिने इंजिनाच्या झाकणाकडे वाकून पत्र्यावर ठेवला होता. आणि तिचे ओठ हलत होते.

 ते हलणारे ओठ नागनाथने चाळीस वर्षं बघितले होते.

ट्रॅक्टर निघाला. आवाज वाढला नाही, धूर वाढला नाही. चाक टेकत होतं तिथे पसरत होतं, उचलत होतं तिथे सुटत होतं, आणि मागे रुंद, उथळ खुणा राहत होत्या. ट्रॉली एकदा करकरली, डावीकडे कलली, सरळ झाली आणि मागोमाग आली. बांधाच्या चढावर पुढची चाकं लागली तेव्हा मजुरांतली एक बाई उठून उभी राहिली. मग सगळेच उठले. ट्रॅक्टर बांध चढून कडक वाटेवर आला आणि धम्मशीलाने तो थांबवला.

सुकेशनी पळत गेली. नागनाथ पळाला नाही, पण तो नेहमीपेक्षा जोरात चालला.

धम्मशीला खाली उतरली. नागनाथला म्हणायचं होतं बरंच काही. त्याने विचारलं एवढंच, "काय बोलत होतीस त्याच्यासंगं?"

ती थोडी लाजली. "आई बैलाला म्हनायची तेच."

"काय म्हनायची?"

"तुमाला ठाऊक न्हाई?" तिला खरंच नवल वाटलं. "मी बारकी असताना तिच्या मांडीशी बसायची तवा ऐकायची. झालं राजा, झालं. थोडंच ऱ्हायलं. आता चालायला बरं वाटंल. एवढंच. पुना पुना तेच."

नागनाथने ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला टेकून घेतलं. चाळीस वर्षं ती त्याच्यापासून चार हातांवर बसून हे म्हणत होती. त्याने कधी विचारलं नव्हतं. बैलाला म्हणत होती, पण हातोडी मारून मारून घामाघूम झालेला तोही तिथेच होता, आणि ते त्यालाही लागू होतं. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. सुकेशनीने विचारलं, आबा, डोळ्यात पाचट गेलं का? तो म्हणाला, हो, गेलं थोडं.

चपट्या टायरवर भरली ट्रॉली डांबरी रस्त्याने लांब नेता येत नाही, टायर फाटतात. म्हणून धम्मशीलाने पावला-पावलाने ती फाट्यापर्यंत आणली. नागनाथने कॉम्प्रेसर चालू केला आणि एकेका चाकात हवा भरायला घेतली. मोठ्या चाकाला वेळ लागतो. तेवढ्यात किशनराव मोटारसायकलवर आले. बाकड्यावर बसले. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले, थंडी यंदा कमी आहे वगैरे. मग नागनाथकडे बघून म्हणाले, "उद्या सकाळी सातला पाठव मग हिला."

नागनाथ टायरवर वाकलेला होता. तो म्हणाला, "ती हितंच हाय. तिलाच सांगा."

किशनरावांनी मान वळवली. धम्मशीला ट्रॉलीच्या दोऱ्या आवळत होती. तिने गाठ पुरी केली आणि मग बोलली.

"उद्या न्हाई जमायचं, काका. रान आठ दिवस वाळू द्या. तोडनाऱ्यांनाबी सांगा, तोवर दुसरीकडं करा म्हनून. वाळलं की मी येऊन बघते, मग गाडी घालते."

"आठ दिवसांनी ऊस वाळून हलका व्हईल की."

"गाडी रुतली तर हालनारच न्हाई. आन पाटाचं दारं नीट लावून घ्या. बेडकाला सर्दी व्हईल."

बाकड्यावर हवा भरायला आलेले दोघं-तिघं होते. त्यांना बेडकाचं काही माहीत नव्हतं, पण किशनरावांचं तोंड बघून ते हसले. किशनराव आधी चिडल्यासारखे झाले. मग त्यांनाही हसू आलं. मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाले, बरं, आठ दिवस. तू सांगशील तसं. ते तिला म्हणाले, नागनाथला नाही.

धम्मशीला कारखान्याकडे गेली. या वेळी जाताना तिने हॉर्न वाजवला तेव्हा नागनाथने मान वर केली. सरळ उभा राहून, कमरेवर हात ठेवून, ट्रॉलीचं शेवटचं चाक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. गिऱ्हाईक थांबलं होतं. त्याने थांबू दिलं.

चारच्या सुमाराला बालाजी आला. त्याचा थोराड ट्रॅक्टर त्याने झाडाखाली लावला आणि उतरला. साखळी मागे गुंडाळून ठेवली होती. तो थोडा वेळ चाकाला लाथा मारत उभा राहिला.

"मामा, परवा मला नदीकडच्या एका रानात जायचंय. तिकडंबी लय वल हाय म्हनतेत. तेवडं चार बोटांचं करून द्याल का?"

सुकेशनी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होती. तिने आबांकडे बघितलं.

नागनाथ म्हणाला, "हवा कवाबी सोडतो. ते सोपं हाय. पुढचं मला येत न्हाई. थांबायचं कुठं, मागं किती घ्यायचं, ते चालवनाऱ्याचं काम हाय. मी काय ट्रॅक्टर चालवलेला मानूस न्हाई."

"मग?"

"तिला विचार."

बालाजीने डोकं खाजवलं. रस्त्याकडे बघितलं, आपल्या नव्या ट्रॅक्टरकडे बघितलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि नंबर मागितला. नागनाथला लिहिता-वाचता बेताचंच येतं आणि स्वतःचा नंबर तो अजून लोकांना विचारतो. पण हा नंबर त्याने कुठेही न बघता, एकेक आकडा सुटा करून, सावकाश सांगितला. दहाही आकडे. बालाजी बोटाने टिपत होता. नाव टाकायची जागा आली तेव्हा तो अडला.

"काय टाकू? नागनाथ मामाची पोरगी?"

"धम्मशीलाताई टाक," नागनाथ म्हणाला. "आन पुढं ट्रॅक्टर लिही."